झाकली मूठ कुणाच्या फायद्याची?

कल्याणहून कर्जतकडे निघालेली लोकल पहिल्यांदा थांबते ती विठ्ठलवाडीला. एका अंगाला कल्याण पूर्वेच्या चाळी, दुसऱ्या अंगाला उल्हासनगरचे कॅम्प. या पट्ट्यात आपल्या समाजातले अनेक तरुण मंगल परिणय, हळद, बारसे, जयंतीची मिरवणूक, पुण्यानुमोदन यांचे फोटो काढून घर चालवतात. कुणाचा पत्र्याचा गाळा आहे, तर कुणाचे दुकान म्हणजे खांद्यावरची बॅग. या तरुणांत एक वाद नेहमीचा आहे. आपला कॅमेरा, आपली लेन्स, आपला लाईट दुसऱ्या फोटोग्राफरला वापरायला द्यावा का? आणि धंद्यातल्या ज्या खुब्या आपण धक्के खात शिकलो, त्या दुसऱ्याला फुकट का शिकवाव्यात? बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते : झाकली मूठ सव्वा लाखाची!

हा प्रश्न वरवर धंद्याचा दिसतो. आम्ही त्याला चळवळीचा प्रश्न मानतो, म्हणून आज अग्रलेखाची जागा त्याला देत आहोत.

या देशात धंद्याचे गुपित राखण्याची सर्वात जुनी आणि सर्वात यशस्वी व्यवस्था कोणती? जातिव्यवस्था! कोणी काय शिकायचे, कोणी कोणत्या हत्याराला हात लावायचा, कोणी अक्षर ऐकायचेही नाही, हे सगळे जन्मावर ठरवून ज्ञानाची मूठ हजारो वर्षे आवळून धरली गेली. एकलव्याची गोष्ट आपण प्रत्येक भाषणात सांगतो आणि टाळ्या घेतो. मग लग्नाच्या मांडवात व्हिडिओवाल्याच्या मागे लाईट धरून उभा राहणारा, वायरी गुंडाळणारा, स्टँड उचलणारा आपलाच पोरगा पाच-पाच वर्षे कॅमेऱ्याला हात का लावू शकत नाही? आपण त्याचा अंगठा मागत नाही हे खरे, पण बटणापर्यंत त्याचे बोटही पोहोचू देत नाही. द्रोणाचार्य फक्त ब्राह्मणाच्याच घरी जन्मतो असे थोडेच आहे!

याच्या उलट टोकाला तथागत उभे आहेत. महापरिनिब्बान सुत्तात वैशालीजवळच्या बेलुवगामचा प्रसंग आहे. आजारातून उठलेल्या बुद्धांना आनंद संघासाठी शेवटचे काही सांगण्याची विनंती करतो, तेव्हा ते स्पष्ट करतात की आपण आतले-बाहेरचे असा भेद न करता सगळा धम्म उघड सांगितला आहे, काही राखून ठेवलेले नाही. पालीत त्यासाठी शब्द आहे ‘आचरियमुट्ठि’, म्हणजे शिष्यापासून काहीतरी दडवून ठेवणाऱ्या आचार्याची मूठ. बुद्धांना ती मूठ नव्हती. २२ प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाने सव्वा लाखाच्या मुठीचे गोडवे गावेत, हे आम्हाला विसंगत वाटते.

साधन आपल्या हाती नसले की काय होते, हे चळवळीइतके कोणाला ठाऊक असणार? ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ काढले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यासाठी २५०० रुपये दिले. त्या पत्राची जाहिरात पैसे घेऊनही छापायला ‘केसरी’ तयार झाला नाही. म्हणूनच बाबासाहेबांनी पुढे स्वतःचा छापखाना उभा केला. जे त्या काळी छापखान्याचे, तेच आज कॅमेऱ्याचे.

कॅमेऱ्याचा विषय निघाला की नामदेवराव व्हटकरांचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. ७ डिसेंबरला मुंबईत राजगृहापासून दादर चौपाटीपर्यंत जनसागर लोटला. या महायात्रेचे चित्रण व्हायलाच हवे, हे साहित्यिक आणि चित्रपट कलावंत असलेल्या व्हटकरांच्या मनाने घेतले. कॅमेरा आणि फिल्मसाठी खिशात पैसा नव्हता. त्यांनी आपला छापखाना गहाण टाकला आणि ते चित्रण करून घेतले! आज आपण ती दृश्ये मोबाईलवर पाहतो, पुढे पाठवतो आणि डोळे पुसतो. त्यामागे एका माणसाचा गहाण पडलेला छापखाना आहे, हे किती जणांना माहीत आहे? त्या दिवशी दहा जणांकडे कॅमेरा असता, चार जणांना तो चालवता आला असता आणि एकाने दुसऱ्याला दिला असता, तर व्हटकरांवर ही पाळी आली नसती.

आता जवळचे उदाहरण घेऊ. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. समाज रस्त्यावर उतरेपर्यंत मोठ्या वृत्तपत्रांना ती बातमी मोठी वाटलीच नाही. नोव्हेंबरच्या अखेरीस कानपूरला बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, आधीच साचलेला संताप उसळला आणि ३० नोव्हेंबरला आपल्या याच पट्ट्यात, उल्हासनगरजवळ, डेक्कन क्वीनचे डबे पेटले. डबे जाळण्याचे समर्थन आम्ही करीत नाही. पण जळत्या डब्यांचे छायाचित्र पहिल्या पानावर घ्यायला कोणत्याही संपादकाला महिना लागला नाही! खैरलांजीच्या अत्याचाराला चित्र मिळाले नाही, आमच्या संतापाला मात्र लगेच मिळाले.

११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मारले गेले. त्यानंतर सरकारपक्षाने टँकर जाळले जाण्याच्या धोक्याची कथा पुढे केली आणि तिच्या समर्थनार्थ व्हिडिओ चित्रण दाखवले. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाने गोळीबाराचे समर्थन होऊ शकत नाही असा निष्कर्ष काढला, ही गोष्ट वेगळी. पण चित्रण कोणी केले, ते कोणत्या क्षणी सुरू झाले, त्यातले काय दाखवले आणि काय गाळले, यावर दहा मृतदेहांचा न्याय अवलंबून राहतो, हे तेव्हा कळायला हवे होते. प्रत्येक वस्तीत कॅमेरा चालवणारी निदान पाच-सहा माणसे हवीत, असे आम्ही म्हणतो ते याच कारणाने. मोबाईल प्रत्येकाच्या हातात आहे, हे उत्तर पुरेसे नाही. न्यायालयात टिकेल असे चित्रण कसे करावे, मूळ फाईल जशीच्या तशी कशी जपावी, तारीख-वेळ कशी राखावी, हे शिकावे लागते आणि ज्याला येते त्याने ते शिकवावे लागते.

कॅमेऱ्याचा जन्मच या वादातून झाला आहे. १९३९ साली नव्हे, त्याच्याही शंभर वर्षे आधी, १८३९ साली फ्रान्सच्या सरकारने दागेर आणि निएप्सच्या मुलाला वार्षिक निवृत्तिवेतन देऊन छायाचित्रणाची पद्धत विकत घेतली आणि १९ ऑगस्टला ती जगजाहीर केली. इंग्लंडमध्ये मात्र पाचच दिवस आधी तिचे पेटंट घेतले गेले होते, म्हणजे जगाला फुकट आणि इंग्लंडला विकत! इंग्लंडच्याच टालबोटने स्वतःच्या पद्धतीवर १८४१ साली पेटंट घेऊन छायाचित्रकारांना परवान्यात अडकवले. मग १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर या शिल्पकाराने काचेवरच्या कोलोडियनची कृती एका मासिकात सरळ छापून टाकली. पेटंट घेतले नाही. पुढची काही दशके जगभरचे छायाचित्रण त्याच कृतीवर चालले. आर्चर स्वतः १८५७ साली दारिद्र्यात वारला. हेही सांगितले पाहिजे, कारण वाटणाऱ्याच्या पोटाची काळजी समाजाने घेतली नाही, तर वाटा म्हणण्याचा अधिकार समाजाला उरत नाही. त्याकडे आम्ही येतोच.

गुपित राखून धंदा टिकतो, हा समजही खोटा आहे. कोडॅक कंपनीच्या स्टीव्हन सॅसन या इंजिनिअरने १९७५ सालीच डिजिटल कॅमेरा बनवला होता. रोलचा धंदा बुडेल या भीतीने कंपनीने तो पुढे आणला नाही. २०१२ साली कंपनीनेच दिवाळखोरीचा अर्ज केला. आपल्याकडेही रोलच्या जमान्यातले उस्ताद डेव्हलपरचे प्रमाण, निगेटिव्हवरचे पेन्सिलचे रिटचिंग पोटच्या पोरासारखे झाकून ठेवत. रोल गेला, डार्करूम गेली आणि झाकलेले ते गुपित कवडीमोल झाले.

उघड्या हाताने काय घडते, तेही महाराष्ट्राने पाहिले आहे. १९१२ साली दादासाहेब फाळके लंडनला गेले. ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न यांच्या मदतीने ते निर्माते सेसिल हेपवर्थ यांना भेटले. हेपवर्थ यांनी या परक्या माणसाला आपला स्टुडिओ हिंडून दाखवला. वर्षभरात ‘राजा हरिश्चंद्र’ उभा राहिला. कोल्हापुरात मिस्त्रीकाम करणाऱ्या घरातल्या बाबूराव पेंटरांनी कॅमेरा घरच्या घरी बनवला. त्यांच्या कंपनीत दामले, फत्तेलाल, शांताराम शिकले आणि १९२९ साली त्यांनी ‘प्रभात’ काढली. अलीकडचे म्हणाल तर मुंबईच्या सफाई कामगारांचे जिणे जगापुढे मांडणारे, २०१६ साली पद्मश्री मिळालेले सुधारक ओलवे यांनी ट्रस्ट काढून वंचितांच्या मुलांना छायाचित्रण शिकवले. तामिळनाडूचे पलनी कुमार सफाई कामगारांच्या मुलांच्या हाती कॅमेरा देतात. यांच्यापैकी कोणाचे नाव शिकवल्याने लहान झाले?

आता आमच्या तरुण मित्रांची बाजू. ती खोटी नाही. कॅमेरा हप्त्यावर घेतलेला असतो. लेन्स उसनी गेली की परत येताना तिच्यावर बुरशी नाही तर ओरखडा येतो, आणि ‘भाऊ, तुझ्याकडे आधीच होता’ हे ऐकावे लागते. शिकवलेला पोरगा दुसऱ्याच हंगामात निम्म्या रेटने आपलेच गिऱ्हाईक घेऊन जातो. हा अनुभव असलेल्याला समाजकार्याचे व्याख्यान देणे सोपे आहे. पण रेट का पडतो, याचा विचार करावा. रेट पडतो कारण एकाला दुसऱ्याचा रेट माहीत नसतो. कल्याण-ठाण्याचा मोठा स्टुडिओ ऑर्डर घेतो, प्रत्यक्ष शूट विठ्ठलवाडीच्या पोराकडून दिवसाच्या मजुरीवर करून घेतो आणि गिऱ्हाईकाकडून काय घेतले ते सांगत नाही. म्हणजे या धंद्यातले सर्वात मोठे गुपित तुमच्या मुठीत नाहीच. ते तुमच्यापासून लपवलेले आहे! रेट उघडे करा, एकमेकांना सांगा, खाली जायचे नाही असे ठरवा. मग शिकलेला पोरगा तुमचा शत्रू राहणार नाही.

शिकवण्यासारखे आणखी एक आहे. सावळ्या, काळ्या रंगाच्या माणसाचा फोटो त्याच्या रंगासकट सुंदर काढणे. कोडॅकच्या लॅबमध्ये रंग जुळवायला अनेक वर्षे गोऱ्या बाईचा फोटो असलेले कार्ड वापरत, त्याला शर्ली कार्ड म्हणत. त्या कार्डावर जुळवलेल्या रंगात आमच्या माणसांचे चेहरे काळवंडून जात. आज संगणकावर नवरीला दोन छटा गोरी करून देणे हीच ‘खुबी’ समजली जाते. आमच्या आयाबहिणींचा रंग पुसून टाकणारी ही खुबी कोणी कोणाला शिकवली नाही तरी चालेल. उजेड कसा पाडावा, एक्स्पोजर किती ठेवावे, स्टेजवरच्या रंगीत लाईटमध्ये चेहरा कसा सांभाळावा, हे मात्र विहारात बसवून शिकवावे.

एक गोष्ट मात्र मुठीतच राहिली पाहिजे. गिऱ्हाईकाचे फोटो हे फोटोग्राफरचे गुपित नव्हे, ती त्याच्याकडे ठेवलेली अमानत आहे. लग्नाच्या कार्डातले फोटो नमुना म्हणून चार जणांच्या फोनवर फिरवणे, मुलींचे फोटो न विचारता जाहिरातीला लावणे, याला कोणी देवाणघेवाण म्हणू नये.

आणि आता समाजाला दोन शब्द. जयंतीला डीजेवाल्याला आगाऊ रक्कम मोजून देणारी मंडळे फोटोग्राफरला काय म्हणतात? ‘आपलाच माणूस आहेस, समाजाचे काम आहे.’ तो दिवसभर उन्हात मिरवणुकीबरोबर चालतो, रात्री जागून फोटो निवडतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याचे फोटो नेत्याच्या बॅनरवर त्याच्या नावाशिवाय झळकतात. या माणसाला ज्ञान वाट, साधन वाट असे सांगण्याआधी मंडळांनी त्याची मजुरी द्यावी आणि फोटोखाली त्याचे नाव छापावे. आमच्यासारख्या वृत्तपत्रांनीही!

साधनांबाबत आम्हाला भाबडा त्याग नको, हिशेब हवा. विठ्ठलवाडी, उल्हासनगर, कोळसेवाडीच्या पट्ट्यातील विहारांनी मिळून एक पेटी उभी करावी. एक चांगला जुना कॅमेरा, दोन लेन्स, एक माईक, दोन लाईट, एक हार्डडिस्क. जयंतीच्या वर्गणीतून एका वर्षी डीजेचा एक दिवस कमी केला तरी सुरुवात होईल. पेटीला वही असावी. कोणी नेली, कधी नेली, कोणत्या स्थितीत परत आली, याची नोंद दोघांच्या सह्यांनी व्हावी. धंद्यासाठी नेली तर भाडे, शिकण्यासाठी किंवा चळवळीच्या कामासाठी नेली तर भाडे नाही. मोडली तर नेणाऱ्याने निम्मे आणि पेटीने निम्मे भरावे, म्हणजे गरीब पोरगा भीतीपोटी हात लावायचा थांबणार नाही आणि बेफिकीरही होणार नाही. स्वतःची लेन्स देणाऱ्यालाही हाच नियम लागू करावा. मुलींसाठी आठवड्यातला एक दिवस राखून ठेवावा, नाहीतर पेटी पोरांच्याच खांद्यावर फिरत राहील.

त्याच हार्डडिस्कवर वस्तीतले जुने फोटो उतरवून ठेवण्याचे काम लगेच हाती घेता येईल. २६ जुलै २००५ च्या पुरात वालधुनीचे पाणी घराघरांत शिरले तेव्हा ट्रंकेतले अल्बम चिखलात गेले. नामांतराच्या मोर्चांचे, धम्म परिषदांचे, आजोबांच्या पहिल्या निळ्या टोपीचे फोटो ज्यांच्याकडे अजून शिल्लक आहेत, त्यांनी ते येत्या पावसाळ्याआधी विहारात आणावेत. ते कसे उतरवायचे हे ज्या फोटोग्राफर मित्राला येते, त्याने त्या रविवारी सोबत दोन पोरे घेऊन यावे.