स्लॅबचा मुहूर्त

आधीच सांगून टाकतो. आमचं टेंभुर्णी जालना जिल्ह्यातलं, जाफराबाद तालुक्यातलं. पुण्यात गावाचं नाव घेतलं की समोरचा हमखास विचारतो, "सोलापूर हायवेवरचं ना?" नाही हो, ते दुसरं.

तर मागच्या महिन्यात अण्णांचा फोन आला. "स्लॅबचा मुहूर्त काढलाय, दोन लाख टाक." जुन्या घरावर मजला चढवायचा होता. पैसे बँकेचे, ईएमआय माझा. तुमच्यापैकी निम्म्या जणांची हीच स्टोरी असणार. इथे फ्लॅट बुक करताना आपण बिल्डरकडे ढीगभर कागद मागतो आणि गावाकडच्या घराबद्दल एकच प्रश्न विचारतो: किती पाठवू?

या वेळी मात्र मी विचारलं, "अण्णा, परवानगीचं काय?"

"काहून? लागत न्हाई आता."

अण्णा खोटं बोलत नव्हते. मुंबई आणि काही मोजकी ठिकाणं सोडून बाकी महाराष्ट्राला डिसेंबर २०२० पासून बांधकामाची एकच नियमावली लागू झाली. पाठोपाठ फेब्रुवारी २०२१ मध्ये ग्रामीण भागाला सवलत जाहीर झाली. १६०० चौरस फुटांपर्यंतच्या घराला परवानगीच नको. मालकीचे कागद, नकाशे आणि 'हे सगळं नियमात बसतं' असा परवानाधारक इंजिनिअरचा दाखला ग्रामपंचायतीत द्यायचा, शुल्क भरायचं, झालं. त्यापुढे ३२०० फुटांपर्यंत ग्रामपंचायत दहा दिवसांत परवानगी देते, नगररचना खात्याची पायरी चढावी लागत नाही. खरं सांगू? निर्णय चांगलाच आहे. पूर्वी दोन खोल्यांसाठी तालुका-जिल्ह्याच्या चकरा मारून लोक शेवटी विनापरवानाच बांधायचे.

पण त्यामुळे सगळा भार त्या एका सहीवर आला. ग्रामसेवकाचं पद आता कागदोपत्री 'ग्रामपंचायत अधिकारी' झालंय, गावाला ते अजून भाऊसाहेबच. भाऊसाहेब कागद तपासतील, पण पाया कसा तपासणार? ते काही सिव्हिल इंजिनिअर नाहीत.

आणि आमच्या दाखल्यावर सही करणारे इंजिनिअर घर बघायला आलेच नव्हते!

आपल्याकडे राष्ट्रीय इमारत संहिता आहे. पहिली १९७० ची, नंतरची मोठी सुधारणा २०१६ ची. पण ती मुळात शिफारस. राज्यानं किंवा स्थानिक संस्थेनं आपल्या नियमांत घेतली तरच तिला दात येतात. आपल्या नियमावलीनं घेतली आहे. म्हणजे इमारत मजबूत असलीच पाहिजे, असं कायदा म्हणतो. चावायला मात्र कुणीतरी जागेवर जावं लागतं ना! शहरात इंजिनिअरांची फौज असूनही ४ एप्रिल २०१३ ला मुंब्र्यात विनापरवाना उभी राहत असलेली इमारत कोसळून ७४ जण गेले. गावाकडे तर फौजही नाही.

"आपल्याकडं कुठं भूकंप व्हतो?" अण्णा म्हणाले. जालना खरंच कमी धोक्याच्या पट्ट्यात धरलं गेलंय. पण १९९३ पर्यंत किल्लारीसुद्धा नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्याच पट्ट्यात होतं. ३० सप्टेंबरच्या पहाटे, चार वाजायच्या आत, दगडमातीच्या जाड भिंती आणि मातीची जड धाबी झोपलेल्या हजारो माणसांवर आली. नकाशा नंतर बदलला, २००२ मध्ये.

अण्णा गप्प झाले. मग म्हणाले, "तू ये न् बघ."

शनिवारी गेलो. जालन्याहून ओळखीच्या एका स्ट्रक्चरल इंजिनिअरला गाडीत घालूनच नेलं (तिची फी दोन वीकेंडच्या हॉटेलिंगएवढी, म्हणजे काहीच नाही). तिनं आल्या आल्या घराचा कोपरा खोदायला लावला. अडीच फुटांवर पाया संपला, आणि खाली काळी माती. पावसाळ्यात फुगणारी, उन्हाळ्यात भेगाळणारी. मुरूम आणखी तीन फूट खाली. घराला कॉलम नाहीत, खिडक्यांवरून फिरणारा सलग बँड नाही, विटा मातीत लावलेल्या. मिस्त्री म्हणाला, "तीस वर्षं उभंय की ताई." ती म्हणाली, "स्लॅबचं वजन न घेता उभंय."

सळयांचे गठ्ठे दारात येऊन पडले होते. जालन्याच्याच, एक नंबर माल. जिल्ह्यातली सळई राज्यभर जाते आणि आमच्या घरात आजवर एक नव्हती!

मुहूर्त मोडला. गुत्तेदाराचा ॲडव्हान्स निम्मा बुडाला, अण्णा आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. आईच्या फोनवरून बातम्या यायच्या.

परवा रात्री त्यांचा स्वतःचा फोन आला. नमस्कार-चमत्कार काही नाही. "शेजारच्या वाड्यावर पण स्लॅब टाकायलेत. त्या बाईचा नंबर दे."