कोब्याची लाज कशाला वाटते?

आष्टीकरांनो, पुण्या-मुंबईच्या बंगल्यांत सध्या बाथरूमची नवी फॅशन आलीय. टाइल्स नाहीत, नक्षी नाही, नुसती सिमेंटची राखाडी जमीन. नाव काय तर 'मायक्रोसिमेंट', 'मिनिमल'. टाइल्सपेक्षा महाग पडलं तरी लोक हौसेनं करतात. आपल्याकडं त्यालाच कोबा म्हणायचे, आणि आता तो दिसला की सोयरिकीला आलेले पाहुणे नाक मुरडतात!

फॅशन गेली खड्ड्यात. माझा मुद्दा वेगळाय.

गावातल्या घरकुलाला सरकार अनुदान देतं, संडासाला १२ हजार आणि रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी. एवढ्यात स्लॅब पडेपर्यंतच दम निघतो. मग न्हाणीत मोरबीची आरशासारखी टाइल येते कुठून? कित्येक घरांत ती मुकादमाच्या उचलीतून येते. म्हणजे कोयता हातात घ्यायच्या आधीच ऊस तोडून फेडायचं कर्ज, आणि ते कशाला, तर चकाकीला.

बरं, ती चकाकी वापरतं कोण? दिवाळीच्या आगंमागं टोळ्या कारखान्यावर जातात. लेक-सून तिकडं कोपीत, आडोशाला साडी बांधून अंघोळ करणार. घरी राहतात आजी, आजोबा आणि शाळेतली नातवंडं. साबणाचं पाणी पडलेल्या गुळगुळीत फरशीवर पहाटे आजीचा पाय सरकला आणि खुबा मोडला, तर उचलायला घरात कोण आहे? सहावीतलं पोरगं? पुढं नगरच्या दवाखान्याचं बिल, आणि त्यासाठी परत उचल.

कोबा शेवाळ धरतो म्हणतात. धरतो, पण ढाळ चुकला तरच. पाणी साचलं की टाइलच्या सांध्यातही घाण धरतेच की. जाळीकडं मीटरला दीड सेंटिमीटर तरी उतार द्या. (ही 'न्हाणी' देशभरच्या प्लंबरांच्या तोंडी 'नहाणी ट्रॅप' म्हणून आहे, आपण मात्र बाथरूम म्हणतो!) वरचं नीरू काचेसारखं घोटू नका. ओलं असतानाच ब्रश फिरवा नाहीतर सुतळीनं रेघा ओढा, पायाला पकड येते. आणि आठ दिवस पाणी मारा. टँकरचा तालुका म्हणून इथं लोक दोन दिवसांत पाणी मारणं बंद करतात, मग भुकटी निघते आणि दोष मात्र कोब्याला. शहाबादी फरशी मिळत असेल तर तीही उत्तम, फक्त पॉलिश नको. टाइलच पाहिजे असंल तर खरबरीत घ्या. दुकानदार दाखवणार नाही, मागून घ्या.

वाचलेल्या पैशात भिंतीला एक लोखंडी दांडा ठोका, धरून उठायला. आणि बाहेर शोषखड्डा काढा. नांदेड जिल्ह्यात गावंच्या गावं शोषखड्डे खणून गटारमुक्त झाली. आपल्याकडं आत चकचकीत टाइल आणि तेच सांडपाणी बाहेर शेजाऱ्याच्या दारात.

पंचायत समितीच्या इंजिनिअर साहेबांना एक विचारायचंय. घरकुलाचा हप्ता सोडायच्या आधी तुमचा माणूस मोबाईलवर फोटो काढायला येतो. भिंत, स्लॅब, दारावरची पाटी, सगळ्याचा फोटो होतो. न्हाणीच्या जमिनीवर तांब्याभर पाणी ओतून, ते कुठं जातंय आणि पाय सरकतोय का, हे त्यानं आजवर किती घरांत पाहिलंय?