छायाचित्रणाचा ओनामा

कॅमेरा ही एके काळीं सुखवस्तु घरची चैन होती. आज ती वस्तु मोबाईलच्या रूपानें घराघरांत शिरली आहे. सहलीला निघालेला विद्यार्थ्यांचा मेळा दिवसाकाठीं पांचशें-हजार फोटो सहज काढतो. परंतु त्यांतला एकादा निवडून 'हा चांगला कां?' असा प्रश्न केला, तर बहुतेक विद्यार्थी गप्प बसतात. लेखणी हातीं आल्यानें कोणी लेखक होत नाहीं, हें आपणांस पटतें. मग कॅमेरा हातीं आल्यानें छायाचित्रण आलें, असें आपण कां समजतों? ज्या काळांत बातमी, जाहिरात आणि कित्येकदां साक्षीपुरावाहि चित्राच्या रूपानें पुढें येतो, त्या काळांत चित्र कसें घडतें हें न कळणें ही एक प्रकारची निरक्षरताच होय. म्हणून हें शिक्षण शाळेंत क्रमानें व थोडक्या साधनांनिशीं दिलें जावें, असें माझें स्पष्ट मत आहे.

ही विद्या आपल्या प्रांताला परकी नाहीं. मुंबईंत १८५४ सालींच छायाचित्रकारांची संस्था निघाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे त्या काळचे नामांकित छायाचित्रकार होते. त्या वेळीं कांचेवर रसायनें लावून व अंधाऱ्या खोलींत खपून चित्र सिद्ध करावें लागे. डिजिटल कॅमेऱ्यांत रसायनाची जागा सेन्सरनें घेतली आहे. १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत विलर्ड बॉइल व जॉर्ज स्मिथ यांनीं सीसीडी नांवाचें साधन शोधून काढलें. त्याबद्दल २००९ सालच्या नोबेल पारितोषिकाचा वांटा त्यांना मिळाला. १९७५ सालीं कोडॅक कंपनींतील स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनियरानें अशाच साधनाच्या आधारें डिजिटल कॅमेरा तयार केला. त्याचें चित्र अवघ्या १०,००० बिंदूंचें व काळें-पांढरें असे. आणि तें कॅसेटच्या फितीवर उतरण्यास २३ सेकंद लागत. आज मोबाईलचें चित्र कोटीहून अधिक बिंदूंचें असतें, परंतु मूळ तत्त्व तेंच आहे.

तें तत्त्व असें. भर पावसांत अंगणांत हजारों वाट्या ओळीनें मांडून ठेवल्या आहेत अशी कल्पना करा. प्रत्येक वाटींत किती पाणी पडलें तें मोजून वहींत लिहिलें, म्हणजे पाऊस कोठें किती पडला याचा नकाशा तयार होतो. सेन्सर हेंच काम प्रकाशाच्या बाबतींत करतो. वाटी भरून वाहूं लागली म्हणजे पुढचें पाणी मोजतां येत नाहीं; म्हणूनच फोटोंतील आकाश एकदां निव्वळ पांढरें झालें, कीं त्यांतले खरे ढग मागाहून परत येत नाहींत. उलट, पाणी अगदींच थोडें पडलें तर मापांतल्या लहानसहान चुकाहि मोठ्या दिसतात. अंधारांत काढलेल्या चित्रांतले रवाळ ठिपके ते याच जातीचे.

वाटींत किती प्रकाश पडावा, हें दोन गोष्टी ठरवितात: भिंगाचें छिद्र, म्हणजे अॅपर्चर, आणि शटर उघडें राहण्याचा काळ. तिसरी गोष्ट आयएसओ. ती प्रकाश वाढवीत नाहीं. मिळालेल्या प्रकाशाची नोंद मोठी करून दाखविते, आणि तिच्याबरोबर ते ठिपकेहि मोठे होतात. छिद्राचे आंकडे २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ असे चढत जातात. आणि आंकडा वाढला कीं छिद्र लहान होतें, येथें नवशिका हमखास अडतो. भिंगाच्या नाभीय अंतराला या आंकड्यानें भागलें म्हणजे छिद्राचा व्यास मिळतो, एवढें ध्यानीं ठेवावें. ५० मिलिमीटरच्या भिंगाला २ या आंकड्यावर छिद्राचा व्यास २५ मिलिमीटर. ४ या आंकड्यावर साडेबारा. व्यास निम्मा झाला कीं क्षेत्रफळ चौथाई होतें. म्हणून मध्यें २.८ ही एक पायरी लागते, आणि प्रत्येक पायरीला प्रकाश निम्मा होत जातो. भूमिति व्यवहारांत कोठें उपयोगी पडते, असें विचारणाऱ्या विद्यार्थ्यास याहून चांगलें उत्तर मला ठाऊक नाहीं.

शटरचे काळहि असेच निमपटीनें चालतात: सेकंदाचा ६० वा भाग, १२५ वा, २५० वा. लख्ख उन्हांत छिद्र १६ वर ठेवावें, आणि आयएसओ १०० असेल तर शटर सेकंदाच्या १०० व्या भागाच्या आसपास ठेवावें, हा फिल्मच्या काळचा जुना नियम आजहि खरा ठरतो. आतां छिद्र एक पायरी मोठें करून शटरचा काळ निम्मा केला, तर प्रकाश तेवढाच पडतो. चित्र मात्र बदलतें. मोठ्या छिद्रानें चेहऱ्यामागची भिंत धूसर होते. अल्प काळानें धांवणारा मुलगा हवेंत थिजल्यासारखा दिसतो. यांतलें काय हवें तें माणसानें ठरवावयाचें असतें. 'ऑटो'वर ठेवलेला कॅमेरा बेरीज बहुधा बरोबर करील, परंतु आपला हेतु त्याला कसा कळावा? साधा मीटर समोरचें सर्व जग मध्यम करड्या रंगाचें आहे असें धरून चालतो. म्हणून फळा चौकटभर घेतला तर तो राखाडी येतो, आणि पांढरा सदरा चौकटभर घेतला तर तो मळकट दिसतो. फळ्यासाठीं प्रकाश थोडा कमी करावा, सदऱ्यासाठीं थोडा वाढवावा. हें ज्याला उमगलें त्यानें पहिली इयत्ता पार केली असें समजावें.

यासाठीं महागडा कॅमेरा हवा, ही समजूत दुकानदाराच्या हिताची आहे, विद्यार्थ्याच्या नव्हे. मोबाईलमध्यें छिद्र बहुधा कायम असतें. परंतु पुष्कळ मोबाईलांत 'प्रो' या सोयीनें शटर व आयएसओ हातानें ठरवितां येतात. पहिला अभ्यास तर त्याहूनहि सोपा आहे. सकाळीं खिडकीपाशीं एका मित्रास बसवावें, आणि प्रथम तोंड खिडकीकडे, मग बाजूस, मग पाठ खिडकीकडे, अशीं तीन चित्रें काढावींत. माणूस तोच, खोली तीच. तरी चेहरा तीन तऱ्हांचा दिसेल. प्रकाशाची दिशा म्हणजे काय, हें एवढ्यानें जितकें कळतें तितकें पुस्तकाचीं दहा पानें वाचून कळत नाहीं.

येथें कोणी म्हणेल कीं, डिजिटल चित्राला खर्च नाहीं. मग हजार काढावींत, एक तरी चांगलें निघेल. या म्हणण्यांत तथ्य आहे. आगफा क्लिक कॅमेऱ्यांत एका रोलवर बाराच चित्रें निघत. चुकलेलें चित्र कळावयास रोल धुवून येईपर्यंत थांबावें लागे, आणि तोंवर आपण काय केलें होतें याचा विसर पडे. आज चूक त्याच क्षणीं दिसते, व छिद्र, शटर आणि आयएसओ यांचे आंकडे चित्रासोबत आपोआप नोंदले जातात. शिकणाऱ्याला ही मोठीच देणगी आहे. पण नोंद उघडून पाहील त्यालाच ती लाभते. प्रयोग पुष्कळ करावेत, मात्र एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. आणि आठवड्याच्या शेवटीं बाराच चित्रें राखून बाकीचीं पुसून टाकावींत. काय ठेवावें हें ठरवितांना डोळा तयार होतो. दादासाहेब फाळके यांनीं चित्रपट काढण्यापूर्वीं कुंडींत वाटाणा पेरून त्याच्या वाढीचीं चित्रें महिनाभराहून अधिक काळ रोज नेमानें घेतलीं, आणि त्यांतून मिनिटभराची 'अंकुराची वाढ' निर्माण झाली. कॅमेरा चालविण्याच्या वेगापेक्षां पाहण्याची चिकाटी श्रेष्ठ, याचा हा आपल्याच प्रांतांतला पुरावा.

शेवटची गोष्ट तंत्राची नाहीं, पण तंत्राहून महत्त्वाची आहे. बाजारांतली भाजीवाली, रस्त्यावरचा मजूर किंवा वर्गांत रडणारा सोबती यांचा फोटो काढणें हातचा मळ आहे, आणि तो गांवभर पाठविणें त्याहूनहि सोपें. परंतु चेहरा हा ज्याचा त्याचा असतो. गरिबास 'तुमचा फोटो काढूं कां?' असें विचारण्याची तसदी आपण घेत नाहीं, आणि साहेबाला मात्र अदबीनें विचारतों. या भेदांत आपली संस्कृति दिसून येते. तसेंच, उजेड कमी-अधिक करणें निराळें, आणि जें तेथें नव्हतें तें यंत्राकडून घालवून घेणें निराळें. दुसरें करावयाचें असेल तर तसें चित्राखालीं लिहावें. न लिहिणें हें खोटें बोलणेंच आहे.

तेव्हां शाळेनें आठवड्यांतून एक तास या विषयाला द्यावा, आणि ज्यांच्या घरीं साधन नाहीं अशा मुलांसाठीं एक-दोन जुने कॅमेरे ठेवावेत, अशी माझी चालकांस विनंति आहे. आणि विद्यार्थिमित्रांनो, पुढील वार्षिकासाठीं जो कोणी चित्र देईल, त्यानें त्याखालीं स्थळ, वेळ, छिद्र-शटर-आयएसओचे आंकडे, आणि चित्रांतील व्यक्तीची परवानगी घेतली आहे किंवा कसें, इतकें अवश्य लिहून द्यावें. एवढ्या चार ओळी ज्याला खरेपणानें लिहितां येतील, त्याचा ओनामा झाला.