सन नको, नहर विचारा

क्विझ लीगमध्ये आमच्या शहरावरचा ठरलेला प्रश्न: ‘खडकी कोणी वसवली, कधी?’ मलिक अंबर, १६१०. दहा गुण, टाळ्या, पुढचा प्रश्न! अहो, पण इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा वजीर झाला आणि मोटारीशिवाय, नुसत्या उतारावर, जमिनीखालच्या नहरीतून त्याने शहरात पाणी आणलं, त्याचं काय? त्यापेक्षा हे विचारा: पुढे पाणचक्कीसाठी वेगळी नहर आली, तिचं पाणी उंच भिंतीवर चढायचं कसं? (उत्तर: उगम भिंतीहून उंच, मधे बंद नळ.) हे पाठ करून येत नाही, डोकं खाजवावं लागतं. आणि वर्षानुवर्षं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी बघितलेली आपण मंडळी याला ‘ट्रिव्हिया’ म्हणणार? मला तरी जमत नाही बुवा.