घरपट्टीत कॉलेज



मागच्या आठवड्यात ज्वारीची पाहणी करून परतताना तात्यांच्या वस्तीवर चहाला थांबलो. तात्यांचा थोरला नातू अमेरिकेत नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा शहरात नोकरीला आहे. त्याने तिथे घर घेतले आणि त्या घराच्या कराचे बिल आजोबांना गंमत म्हणून मोबाईलवर पाठवले. धाकट्या नातीने ते वाचून दाखवल्यापासून तात्यांच्या डोक्यात एकच भुंगा शिरला होता.

"साहेब, पट्टीत शाळा हाय, ते समजलं. पर हितं कॉलेजबी हाय म्हणं. घराच्या पट्टीत कॉलेज कसलं? आन् ज्याच्या घरात शिकणारं पोरच न्हाई, त्यानंबी भरायचं?"

मी त्यांना तिथल्या तिथे थोडेफार सांगितले, पण चहाच्या कपात मावणारा हा विषय नव्हे. म्हणून आज खते-बियाणे बाजूला ठेवून तात्यांच्या प्रश्नालाच हात घालतो. नेब्रास्का हा मक्याचा आणि जनावरांचा मुलूख आहे, आणि या कॉलेजच्या पट्टीवरून तिथल्या शेतकऱ्यांनी बरीच वर्षे कुरकुर केली. ती कुरकुर ऐकाल तर वाटेल, आपल्याच पारावर बसलो आहोत.

आधी हे कॉलेज कसले ते पाहू. त्याला तिकडे कम्युनिटी कॉलेज म्हणतात, म्हणजे त्या मुलखातल्या लोकांचे कॉलेज. शिक्षण बहुधा दोन वर्षांचे. कोणी नर्सिंग शिकतो, कोणी वेल्डिंग, कोणी वीजजोडणी, कोणी ट्रॅक्टर-कंबाईनची दुरुस्ती. दोन वर्षे इथे काढून पुढे मोठ्या विद्यापीठातही जाता येते. अशा सरकारी कॉलेजांतले पहिले इलिनॉय राज्यात जोलिएट गावी 1901 साली निघाले, तेही एका हायस्कुलाला जोडून, अवघ्या सहा विद्यार्थ्यांवर. नेब्रास्कात पहिले निघाले 1926 साली, मॅककुक नावाच्या लहानशा गावात. आज त्या राज्याचे अशा कॉलेजांसाठी सहा विभाग पाडलेले आहेत. नॉरफोक गावच्या कॉलेजाची तर स्वतःची शेती आहे, आणि पोरे तिथे शेती व पशुपालन शिकतात.

याची खरी किंमत शेतकऱ्याच्या घरालाच कळते. मी बी.एस्सी. ॲग्रीला गेलो तेव्हा होस्टेलच्या आणि मेसच्या खर्चासाठी वडिलांनी एक बैल विकला. पुढची दोन वर्षे पेरणीला सावड करावी लागली. कॉलेज घरापासून वीस मैलांवर असते तर सकाळची धार काढून मी वर्गात बसलो असतो आणि बैल दावणीलाच राहिला असता. या कॉलेजांचे मोठेपण हेच, की बहुतेक पोरे घरी राहून शिकतात आणि शिकून बहुधा त्याच मुलखात कामाला लागतात. गावच्या दवाखान्यातली नर्स आणि ऐन सुगीत बंद पडलेले कंबाईन चालू करून देणारा मिस्त्री, दोघेही याच कॉलेजातून निघतात. तेव्हा ज्याच्या घरात शिकणारे पोर नाही त्याचाही या कॉलेजाशी संबंध येतोच. तात्यांच्या एका प्रश्नाचे उत्तर हे झाले.

आता पैशाकडे वळू. नेब्रास्कात जमीन, घर, दुकान यांच्या किमतीवर दरसाल कर बसतो. 1966 साली तिथल्या लोकांनी मत देऊन ठरवले, की हा कर राज्य सरकारने घ्यायचा नाही. तेव्हापासून तो स्थानिक कामांसाठीच असतो: शाळा, रस्ते, अग्निशमन आणि कॉलेज. त्यात सर्वांत मोठा वाटा शाळांचा, कॉलेजचा त्यामानाने लहान. प्रत्येक विभागाच्या कॉलेजचे 11 जणांचे मंडळ लोक निवडून देतात. हे मंडळ जाहीर बैठक घेऊन त्या वर्षीचा दर ठरवते. कोणीही शेतकरी उठून विचारू शकतो, की बाबांनो, यंदा दर का वाढवला? हा चांगला भाग.

कळ कुठे आहे ते हिशेबाने पाहू. तिथे शेतजमिनीची किंमत करासाठी बाजारभावाच्या 75 टक्के धरतात, घराची मात्र पुरी. समजा, दर 100 डॉलर किमतीमागे 10 सेंट कर कॉलेजचा आहे. (100 सेंटचा एक डॉलर.) शहरात 2 लाख डॉलरचे घर असलेला नोकरदार कॉलेजला वर्षाला 200 डॉलर देईल. 10 लाख डॉलरची जमीन असलेल्या शेतकऱ्याची किंमत साडेसात लाख धरतील, त्याला 750 डॉलर पडतील. पोर दोघांचे एकेकच, आणि वर्गात बाकही एकच.

कोणी म्हणेल, दहा लाखांची जमीन आहे तर देईना! पण बंधूंनो, जमिनीची किंमत म्हणजे हातातला पैसा नव्हे. तुमच्या शिवारातून हमरस्ता गेला आणि एकराचा भाव दुप्पट झाला, म्हणून ज्वारीचे एक पोते तरी जास्त उतरते का? जमीन विकाल तेव्हाच तो पैसा दिसणार, आणि विकली की शेतकरीपण संपले. नेब्रास्कात नेमके तेच झाले. 2012 साली मक्याचा भाव बुशेलला (म्हणजे सुमारे 25 किलोंना) 8 डॉलरच्या घरात गेला. त्या तेजीत जमिनीच्या किमती भराभर चढल्या आणि मागोमाग करासाठी धरायची किंमतही. 2014 च्या सुगीला मका 4 डॉलरच्या खाली आला. पण कराची किंमत मागच्या वर्षांचे जमिनीचे व्यवहार पाहून ठरते, त्यामुळे मका उतरला तरी पट्टी उतरेना. किमती वाढल्या की मंडळाला दर खाली आणता येतो, पण शेतकऱ्याला घाम फुटला तो फुटलाच.

हे लोक कॉलेजच्या विरोधात होते असे मात्र समजू नका. त्यांचीच पोरे तिथे शिकत होती. तक्रार एवढीच होती, की गरज सर्वांची असेल तर भार जमीनवाल्यावरच जास्त का?

2023 साली तिथल्या विधिमंडळाने कायदा केला. वर्षाचा रोजचा खर्च चालवण्यासाठी कॉलेजांनी लावायचा कर 2024-25 पासून बंद झाला आणि तो पैसा राज्य सरकारने आपल्या तिजोरीतून, म्हणजे मुख्यतः प्राप्तिकर आणि विक्रीकरातून द्यायचा असे ठरले. इमारतींसाठी लहानसा कर तेवढा राहिला. कायद्यावर सही करणारे गव्हर्नर जिम पिलन हे स्वतः वराहपालन करणारे. नातवाच्या बिलात कॉलेजची ओळ अजून दिसते ती या उरलेल्या करामुळे.

म्हणजे शेतकरी जिंकला म्हणायचे? अर्धा जिंकला. आपल्यात म्हण आहे, ज्याच्या हाती ससा तो पारधी. जोवर पट्टी गावची होती, तोवर कॉलेजची नाडीही गावच्या हाती होती. आता मंडळ लोकांनीच निवडलेले असले तरी पैशासाठी त्याला राजधानीकडे पाहावे लागणार. ही धाकधूक कायदा करणाऱ्यांनाही होती. म्हणून ठरलेली रक्कम सरकारने दिली नाही तर मंडळांना पुन्हा कर लावता येईल, अशी पळवाट त्यांनी ठेवली आहे.

ही धाकधूक उगाच नाही. कॅलिफोर्निया राज्यात 1978 च्या जूनमध्ये लोकांनी मतदान करून मालमत्ता कराला किमतीच्या 1 टक्क्याची वेसण घातली आणि कराची किंमत वर्षाला 2 टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायची नाही असे ठरवले. एका झटक्यात या कराचे उत्पन्न निम्म्याहून अधिक घटले. घरमालकांना आणि शेतकऱ्यांना हायसे वाटले. पण तिथल्या कम्युनिटी कॉलेजांचा स्वतः कर लावायचा अधिकार गेला आणि ती राज्याच्या तिजोरीवर अवलंबून राहिली. तोवर तिथे शिकवणीची फी नव्हती. 1984 पासून ती सुरू झाली, तासिकांच्या एका एककाला 5 डॉलर. 2012 पासून तीच 46 डॉलर झाली. पट्टी कमी झाली, पण तिचा काही भार हळूहळू शिकणाऱ्या पोराच्या खिशावर येऊन बसला.

आपल्याकडे हे नवे नाही. इंग्रजी अमलात, 1860 नंतरच्या दशकात, मुंबई इलाख्यात शेतसाऱ्यावर रुपयाला एक आणा लोकल फंड बसला, रस्त्यांसाठी आणि शाळांसाठी. 1882 साली महात्मा फुल्यांनी हंटर कमिशनपुढे हेच गाऱ्हाणे मांडले, की तिजोरीत पैसा येतो रयतेच्या घामाचा आणि तो खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर. खेड्यातले पोर कोरडेच राहते. ऊसपट्ट्यातल्या वाचकांना उसाच्या बिलातली कपात ठाऊक आहे. काही कारखान्यांच्या परिसरात तिच्यातून शाळा-कॉलेजे उभी राहिली. ती कपात टनावर असते, म्हणजे पिकले तर द्यायचे. जमिनीच्या किमतीवरचा कर पिको न पिको द्यावाच लागतो. हा फरक ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

तात्यांना मी शेवटी एवढेच म्हणालो, "तात्या, पट्टी वाईट नसते. ती कशावर बसते, कोण ठरवतो आणि कुठे खर्च होते, या तीन गोष्टी विचारायच्या असतात."

तात्या हसले. "आपल्या ग्रामपंचायतीत कुनी इचारतंय व्हय!"

बंधूंनो, तेच तर दुखणे आहे. आपली घरपट्टीही 2015 च्या नियमांपासून घराच्या भांडवली मूल्यावर बसते. तिचा दर कोणत्या सभेत ठरला, हे किती जणांना सांगता येईल? येत्या ग्रामसभेला घरातली पट्टीची पावती बरोबर घेऊन जा. घरच्या माणसांनाही न्या, कारण शाळेचे छप्पर गळते ते आधी त्यांना माहीत असते. भांडायला नको, नुसते विचारा. जमा किती, त्यातले शाळेला किती, अंगणवाडीला किती, वाचनालयाला किती?

तात्यांनी पावती कपाटातून काढून ठेवली आहे.