तोफेला ‘मॅचिंग’ रंग कशासाठी?

गुरुवारी रात्री ग्रुपवर मेसेज आला. रविवारी ओहोटीला किल्ल्यावर मोहीम. सागवानी गाड्याला पॉलिश झालंय, त्यावरची तोफ मात्र गंजकी दिसते, तर तिला काळा चकचकीत ऑइलपेंट मारून ‘मॅचिंग’ करूया. दोन डबे आणलेत. खाली अंगठेच अंगठे. मी अंगठा दिला नाही, म्हणून हे लिहितोय. किल्ल्याचं आणि ग्रुपचं नाव मुद्दाम घेत नाही. पोरं आपलीच आहेत आणि मनापासून राबणारी आहेत.

माझ्या भाच्याकडे छऱ्याची बंदूक आहे. बंदूक मातकट हिरवी, वर बसवलेली दुर्बीण काळी कुळकुळीत. त्याला ते खुपायला लागलं. दुर्बीण रंगवायला पठ्ठ्या दोन दिवस बसला. काचांवर आणि फिरवायच्या बटणांवर मास्किंग टेप, थिनरने तेलकटपणा पुसणं, बारीक पॉलिश पेपर, मग स्प्रेचे तीन पातळ हात, प्रत्येक हात वाळेपर्यंत थांबणं. बटणावरच्या आकड्यांत थोडा रंग गेला, तर टाचणीने एकेक आकडा मोकळा केला. आणि ही बाजारात मिळणारी वस्तू, बिघडली तर दुसरी आणता येते. तोफेचं काम मात्र आपण दोन तासांत उरकणार!

वीस वर्षं मी या पट्ट्यात ग्रिल-गेटची कामं करतोय. खाऱ्या हवेत गंजावरून मारलेला रंग किती टिकतो ते अलिबाग-मुरुडमध्ये कुणाला सांगायला नको. एक पावसाळा. मग फुगे येतात, फुगा फोडला की आत ओला लाल गंज आणि पोपड्याबरोबर लोखंडाचाही पापुद्रा हातात. कारण मीठ वरवर बसलेलं नसतं, ते गंजाच्या आत मुरलेलं असतं. वायरब्रशने ते निघत नाही. वरून रंग मारला की ते आत कोंडतं आणि काम चालूच ठेवतं. गेटचा पत्रा बदलता येतो. बिडाच्या तोफेचं काय बदलणार? ग्राइंडर लावायचं तर कुणी मनातही आणू नका. गंजाबरोबर वरची कातडी जाते, आणि जे काही कोरलेलं असतं ते त्या कातडीवरच असतं.

कुलाबा किल्ल्यावर चाकांच्या गाड्यावरच्या दोन तोफा आहेत. त्यांच्यापाशी उभं राहून ‘कान्होजींची तोफ’ म्हणत फोटो काढणारे मी कितीदा पाहिलेत. पण तोफेवर इंग्रजी अक्षरं आहेत, लो मूर आयर्नवर्क्स, यॉर्कशायर. तो कारखाना सुरू झाला १७९१ च्या सुमारास, कान्होजी आंग्रे गेले १७२९ मध्ये. म्हणजे तोफ कुणाच्या काळातली, हा वाद तिच्या अंगावरची चार अक्षरं मिटवतात. त्यांत जाड ऑइलपेंटचे दोन हात बसले असते तर? आपल्या तोफेवर काय आहे ते अजून कुणी नीट पाहिलेलंसुद्धा नाही.

‘इंग्रजसुद्धा तोफा रंगवायचे’ असं कुणीतरी म्हणेलच. खरंय, रंगवायचे. पण वापरातली, कोरडी, राखलेली तोफ. दीडदोनशे वर्षं लाटांचे तुषार खाल्लेली नव्हे. जाणकार लोक अशा तोफेतलं मीठ आधी काढतात. अल्कलीच्या पाण्यात महिनोन् महिने बुडवून, कधी वीज सोडून. मग टॅनिक ॲसिड, मग मेण किंवा योग्य तो लेप. रविवारच्या मोहिमेत बसणारं हे काम नाही.

शिवाय कायदा आहे. किल्ला केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे असेल तर विनापरवानगी असा बदल करणं हा १९५८ च्या कायद्याने गुन्हा ठरू शकतो, त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. खातं स्वतः काही करत नाही ही तक्रार मलाही मान्य आहे, चांगलीच मान्य आहे. पण खातं झोपलंय म्हणून आपण इजा करावी, हे काही पटत नाही.

गाडा बसवलात ते मात्र उत्तम झालं. तोफ ओल्या मातीतून वर आली, हेच मोठं काम. आता रविवारी एवढं करा. तोफेच्या तोंडात पाण्याच्या बाटल्या आणि वाळू कोंबलेली आहे, ती हाताने काढा. आत पाणी साचणार नाही एवढा उतार आहे का ते बघा. भोवतीचं गवत काढा. लांबी आणि तोंडाचा व्यास टेपने मोजा. सकाळचं तिरकं ऊन असताना सगळ्या बाजूंनी फोटो काढा, पुसट अक्षरं तेव्हाच दिसतात. ते सगळं जोडून खात्याला पत्र देऊ. मसुदा मी करतो, सह्या तुमच्या.

दोन डब्यांचं म्हणाल तर शाळेचं गेट गेल्या पावसात पार सडलंय. घासून, रेडऑक्साइड मारून त्यावर हाच काळा रंग लावू. मजुरी नको. ओहोटी कितीला आहे ते तेवढं ग्रुपवर टाका, मी जेट्टीवर येतो.