उसनवारीचे मत

दिवाळीच्या फराळाला चार माणसे जमली की चकलीच्या जोडीला राजकारण लागतेच. चकली फसली असेल तर जरा जास्तच लागते! आमच्या घरी ह्या वेळी निमित्त झाले अमेरिकेहून आलेल्या भाच्याचे. गंगेवर जाऊन आला, कोंडाजीचा चिवडा पोटभर खाल्ला आणि मग पाटावर ऐसपैस बसून म्हणाला, "मामा, तिकडे पक्षाचा उमेदवार कोण असावा हेसुद्धा लोकच मते देऊन ठरवतात."

"अगोबाई! मग पक्षाचे पुढारी काय करतात?" सौभाग्यवतींनी विचारले.

"तेही लोकांच्या दारोदार हिंडतात, मामी."

"आणि आपल्याकडे हो? आपल्याला कधी कुणी विचारलं?"

हा प्रश्न मला होता. पण कोपऱ्यात बसलेल्या नानांनी हातातली बशी हळूच खाली ठेवली. नाना आमचे शेजारी. एका पक्षाच्या सतरंज्या त्यांनी तीस वर्षे उचलल्या. पक्षाचे नाव सांगत नाही, कारण ही गोष्ट कोणत्याही पक्षाची असू शकते. नानांकडे मी शेवटी येईन. आधी भाच्याच्या अमेरिकेत डोकावून येऊ.

तिथे राष्ट्राध्यक्षाची खरी निवडणूक नोव्हेंबरात होते. पण त्याआधी कित्येक महिने एकेका राज्यात पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुका चालतात. आजवर बहुतेक वेळा प्रारंभ आयोवा आणि न्यू हॅम्पशायर ह्या लहान राज्यांतून झाला आहे. 1976 च्या निवडणुकीसाठी जिमी कार्टर नावाचे जॉर्जियाचे माजी गव्हर्नर आयोवात हिंडू लागले, तेव्हा त्यांना बाहेर फारसे कुणी ओळखत नव्हते. समर्थकांच्या घरी मुक्काम करावा आणि सकाळी आपले अंथरूण आपणच आवरावे, असा त्यांचा प्रचार. पुढे ते राष्ट्राध्यक्ष झाले. ज्या घरात पाहुण्याने स्वतः अंथरूण आवरले, त्या घरातले मत कुठे जाणार?

उलट 1968 साली लिंडन जॉन्सन राष्ट्राध्यक्षपदावर असताना न्यू हॅम्पशायरच्या प्राथमिक निवडणुकीत पहिले आले, आणि तरी हरले! त्यांना सुमारे 49 टक्के मते मिळाली, तर व्हिएतनामच्या युद्धाला विरोध करणाऱ्या युजीन मॅकार्थींना 42. एवढ्या मोठ्या माणसाला एवढा थोडा फरक पुरेसा नव्हता. त्याच महिन्याच्या 31 तारखेला जॉन्सन यांनी आपण पुन्हा उभे राहणार नसल्याचे जाहीर केले. म्हणजे मते किती पडली ह्यापेक्षा किती पडायला हवी होती, हा हिशेब मोठा.

आणि 2020 साली जो बायडन आयोवात चौथे, न्यू हॅम्पशायरात पाचवे. लोक त्यांना विसरायच्या बेतात होते. तेवढ्यात साउथ कॅरोलायनात जिम क्लायबर्न ह्या तिथल्या जुन्या, वजनदार कृष्णवर्णी लोकप्रतिनिधीने आपला कौल त्यांच्या बाजूने दिला. बायडन तिथे दणक्यात जिंकले आणि गाडी रुळावर आली. ज्याच्या शब्दावर विश्वास आहे अशा माणसाने "हा आपला" म्हणावे लागते. स्थळ सांगून येते तेव्हा आपण तरी दुसरे काय करतो? मध्यस्थ कोण, हे आधी विचारतो.

तर ओळख, अपेक्षा आणि भरवशाच्या माणसाचा शब्द, ह्या तीन गोष्टींवर तिकडचा मतदार जवळ येतो किंवा दूर जातो. आता आपल्या नाशकात येऊ. कारण ह्या बाबतीत नाशिककर कुणाला हार जाणारा नाही.

आपण 'मतदान' म्हणतो. रामकुंडावर दान म्हणजे काय हे नाशिककराने लहानपणापासून पाहिलेले असते. दिलेले दान परत मागायचे नसते, की त्याचा हिशेब ठेवायचा नसतो. पण मताच्या बाबतीत नाशिककराने हा धर्म कधी पाळला नाही. त्याचे मत म्हणजे शेजारणीला दिलेली वाटीभर साखर. हसतमुखाने द्यायची, पण वाटी परत आली का, आणि किती भरून आली, ह्यावर डोळा ठेवायचा.

पुरावा हवा? 1977 साली इथून विठ्ठलराव हांडे लोकसभेवर गेले. मग 1980 ला प्रताप वाघ, 1984 ला मुरलीधर माने, 1989 ला दौलतराव आहेर, 1991 ला वसंत पवार, 1996 ला राजाराम गोडसे, 1998 ला माधवराव पाटील, 1999 ला उत्तमराव ढिकले, 2004 ला देवीदास पिंगळे, 2009 ला समीर भुजबळ. दहा निवडणुका आणि दहा माणसे! शेतकरी कामगार पक्षापासून शिवसेनेपर्यंत सगळ्यांना ओसरीवर बसवले, पण मुक्कामाला कुणाला ठेवले नाही. आता कधी पक्षानेच उमेदवार बदलला असेल, हे मान्य. पण पक्षाला तरी तशी बुद्धी का होते? वारे कुठले आहे हे पाहूनच ना? 2014 साली अकरावे आले हेमंत गोडसे. त्यांनी छगन भुजबळांसारख्या दिग्गजाला पावणेदोन लाखांहून अधिक मतांनी हरवले, आणि 2019 साली पुन्हा निवडून येऊन ही परंपरा मोडली. 2024 ला मात्र सिन्नरचे माजी आमदार राजाभाऊ वाजे ह्यांच्याकडून तेही दीड लाखाहून अधिक मतांनी पडले.

ह्याला कुणी लहरीपणा म्हणेल. मला तसे वाटत नाही. 1957 साल आठवा. संयुक्त महाराष्ट्राचे वारे भरात होते. त्या वर्षी नाशिकने दिल्लीला पाठवले ते दादासाहेब गायकवाडांना. ज्या नाशकात 2 मार्च 1930 रोजी काळारामाचा सत्याग्रह सुरू झाला आणि देवळाची दारे ज्यांच्यापुढे बंद राहिली, त्या सत्याग्रहाचे हे खंदे सेनानी. सत्तावीस वर्षांनी त्याच गावाने त्यांना संसदेचे दार उघडून दिले. गाव एका रात्रीत सुधारले असे मी म्हणणार नाही. पण त्या घटकेला कोणता प्रश्न मोठा आणि त्यासाठी कोण भांडेल, हे त्याला नेमके कळले होते. 1960 साली महाराष्ट्र झाला, तो प्रश्न सुटला, आणि 1962 साली ही जागा पुन्हा काँग्रेसकडे गेली.

अपेक्षेचे ओझे कसे असते, तेही नाशकाने दाखवले आहे. 2009 साली शहरातले तीनही आमदार मनसेचे, 2012 साली महापालिकेच्या 122 जागांपैकी 40 मनसेच्या, आणि महापौरही त्यांचा. पाच वर्षांनी, 2017 साली, नगरसेवक उरले पाच! कामे झाली नाहीत असे नव्हे. पांडवलेण्याच्या पायथ्याचे वनोद्यान आम्हीही मुलाबाळांसह पाहून आलो. पण ज्यांनी सारे शहर बदलण्याची आशा लावली होती, त्यांच्याकडे लोक एका बागेवर खूश होऊन थांबत नाहीत. शिवाय मधल्या काळात त्यांचेच कितीतरी नगरसेवक दुसऱ्या पंगतीला जाऊन बसले. जॉन्सनसाहेबांचेच दुखणे, फक्त गोदाकाठचे.

आणि पोटाचा प्रश्न आला की ओळखदेखील फिकी पडते. शेजारच्या दिंडोरीत 2024 साली केंद्रातल्या राज्यमंत्री भारती पवार हरल्या आणि भास्कर भगरे हे शिक्षक निवडून आले. आदल्या डिसेंबरात कांद्याची निर्यात बंद झाली होती, ती उठली मतदान तोंडावर आल्यावर, मेमध्ये. लासलगावच्या बाजारात भाव पडलेला कांदा घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाला मंत्रिपदाचे काय कौतुक? गंमत अशी की, त्याच निवडणुकीत भगरे ह्याच आडनावाच्या, तुतारी चिन्ह घेतलेल्या दुसऱ्या उमेदवाराला लाखावर मते पडली. खऱ्या भगरे सरांचे चिन्ह होते तुतारी वाजवणारा माणूस!

आता भाच्याच्या मुद्द्याकडे वळतो. अमेरिकेत उमेदवाराला आधी घासूनपुसून पाहण्याची सोय आहे. आपल्याकडे तिकीट मुंबईत किंवा दिल्लीत, बंद दाराआड ठरते. 2024 साली वाजे ह्यांचे नाव मार्चमध्येच जाहीर झाले. महायुतीत मात्र जागा कुणाची ह्यावर खल चालला, भुजबळांनी एप्रिलमध्ये माघार घेतली आणि गोडसे ह्यांचे नाव 1 मेला निघाले. मतदान होते 20 मेला. एवढ्यामुळेच ते पडले असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण ज्याला निवडायला त्याच्या घरच्यांनाच इतका वेळ लागला, त्याच्याविषयी मतदाराने काय समजावे? मतदाराच्या हाती दार एकच. पहिली परीक्षाही त्याच दारात घ्यायची आणि शेवटचीही. म्हणून तो एवढ्या जोरात आपटतो.

आता नाना. एका महापालिका निवडणुकीत आमच्या प्रभागात ह्या वेळी नानाच, असे सगळे धरून चालले होते. नळाला पाणी नाही, नानांना सांगा. मयताला खांदा हवा, नानांना बोलवा. अर्ज भरायच्या आदल्या रात्री तिकीट मिळाले आठवड्यापूर्वी पक्षात आलेल्या एका मोटारवाल्याला. दुसऱ्या दिवशी नाना त्याच मोटारवाल्याच्या चिठ्ठ्या घेऊन आमच्या दारात उभे. मला त्यांच्याकडे बघवेना. मोटारवाला पडला. सबंध आळीने, एकमेकांशी चकार शब्द न बोलता, त्याला पाडले.

"नाना, तुम्ही स्वतः कुणाला मत दिलंत?" परवा सौभाग्यवतींनी विचारलेच.

"वहिनी, सतरंजी घालणाऱ्याला विचारू नये, वर कोण बसलं," नाना म्हणाले. थोड्या वेळाने आपणहून म्हणाले, "पण एक सांगू? तुम्ही सगळ्यांनी त्याला पाडलंत, बरं वाटलं. तिकीट देण्याआधी तुमच्यातली दहा माणसं कचेरीत येऊन बसली असती ना, तर आणखी बरं वाटलं असतं."

मी चूप. त्या रात्री तिकिटाची कुजबुज आमच्या जिन्यावरही आली होती. मी दार लावून बातम्या पाहत बसलो होतो. तिकिटाच्या दारापाशी आपल्याला कुणी बोलावत नाही हे खरे. पण तिथवर जाऊन कडी वाजवायला मला कुणी अडवलेही नव्हते.

नाना उठले. त्यांच्या घरून शेवेचा डबा आला होता, तो सौभाग्यवतींनी करंज्या भरून त्यांच्या हाती दिला. आमच्याकडे शेजाऱ्याचे भांडे रिकामे परत करत नाहीत.